दिनविशेष : ८ मे १९७० – मेलबर्नमध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधात विराट मोर्चा

अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाममध्ये लढणारे ऑस्ट्रेलियाचे सैन्य माघारी बोलवा, या मागणीसाठी आजच्या दिवशी मेलबर्नमध्ये किमान ७० हजार लोक रस्त्यावर उतरले. मजूर पक्षाचे खासदार जिम केर्न्स यांच्यासह मोर्चेकऱ्यांनी बर्क स्ट्रीटवरच बैठक मारली.

पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांनी एप्रिल १९६५ मध्ये पलटण पाठवण्याचे जाहीर केले, तेव्हा जनमत बरेचसे सरकारच्या बाजूने होते. १९६६ ची निवडणूक त्यांच्यानंतरचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट यांनी दणदणीत जिंकली. लोकांना खरी झळ बसली ती सक्तीच्या लष्करभरतीची. पिंपातून क्रमांकाच्या लाकडी गोट्या काढल्या जात. ज्यांच्या जन्मतारखेची गोटी निघे, त्या वीस वर्षांच्या मुलांना बोलावणे येई. मतदानाचे वय मात्र २१! ज्याला मत देता येत नाही त्याला मरायला पाठवायचे, हा उघड अन्याय होता. त्याविरुद्ध १९६५ पासूनच ‘सेव्ह अवर सन्स’ संघटनेतल्या आया उभ्या राहिल्या होत्या. १९७१ मध्ये त्यांतल्या काही जणींनी तुरुंगवासही भोगला.

या युद्धात सुमारे ६० हजार ऑस्ट्रेलियनांनी भाग घेतला, पाचशेहून अधिक मृत्युमुखी पडले. डिसेंबर १९७२ मध्ये सत्तेवर येताच मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी सक्तीची भरती थांबवली.