तडा सोसणारा धातू

#इतिहास #थ्रेड

१/ १० जानेवारी १९५४. रोमहून लंडनकडे निघालेले 'कॉमेट' हे प्रवासी जेट विमान एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. ३५ जणांचा अंत झाला. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट इटलीच्याच नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. आणखी २१ जण गेले.

२/ कारण शोधण्यासाठी फार्नबरोच्या ब्रिटिश संशोधकांनी एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवला. आत पाण्याचा दाब वाढवायचा, मग उतरवायचा. दर खेपेस जणू एक उड्डाण. आधीची प्रत्यक्ष उड्डाणे धरून ३,००० हून थोडी अधिक आवर्तने झाली आणि कवच फाटले.

३/ तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच हा धातूचा थकवा. चौकटीच्या कोपऱ्यावर ताण एकवटला आणि तिथूनच तडा धावला.

४/ तोवर ध्येय एकच होते: बळ. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम काही दिवसांत आपोआप कठीण होते, असे आढळले. पुढे जस्तयुक्त मिश्रधातू त्याहून बळकट निघाले.

५/ परंतु बळ वाढले की बहुधा चिवटपणा घटतो. म्हणून बोइंग ७०७ च्या पंखाला वर जस्ताचा बळकट मिश्रधातू आणि खाली तांब्याचा चिवट '२०२४' वापरला गेला. उड्डाणात पंखाची खालची बाजू ताणली जाते आणि ताण तडे उघडतो.

६/ १९७८ मध्ये अमेरिकी नियमांनी विचारच उलटा केला: तडा असणारच, असे गृहीत धरा; तपासणीत तो सापडेपर्यंत विमान टिकले पाहिजे.

७/ तपासणी चुकली तर? २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईत एका जुन्या बोइंग ७३७ चे छत उडाले. अनेक बारीक तडे एकमेकांना मिळाले होते. एक हवाई सेविका गेली. ९४ जण वाचले.

८/ धातुशास्त्रज्ञांनी दोष मुळाशी शोधला. लोह व सिलिकॉनच्या अशुद्धीमुळे धातूत ठिसूळ कण तयार होतात आणि तड्याला वाट मिळते. ती अशुद्धी घटवून घडवलेला '२५२४' बोइंग ७७७ च्या कवचात आला.

९/ न मोडणारा धातू माणसाला अजून सापडलेला नाही. सापडला तो मोडण्यापूर्वी सावध होण्यास अवधी देणारा धातू. त्या अवधीची किंमत कॉमेटच्या प्रवाशांनी मोजली.