नदीला परत दिलेली बेटं

मिल्टन कीन्स म्हटलं की काय आठवतं? राउंडअबाउट आणि काँक्रीटच्या गाई. 1967 साली सरकारी कागदावर जन्मलेल्या या गावाला कसला आलाय इतिहास, असं आपण पाहुण्यांना हसत सांगतो. पण एकदा शहराच्या उत्तर टोकाला, ओल्ड वुल्व्हर्टनजवळच्या फ्लडप्लेन फॉरेस्टमध्ये जाऊन बघा. इथला इतिहास ग्रेट ऊझ नदीने लिहिला आहे.

ही नदी बकिंगहॅम, बेडफर्ड करत किंग्ज लिनजवळ समुद्राला मिळते. आपल्या कृष्णा-गोदावरीपुढे तिचं पात्र ओढ्याएवढंच, पण पूर आला की सगळं खोरं तिचं. एकेकाळी अशा खोऱ्यांत विलो आणि आल्डरची दलदलीची रानं होती. पाणी फाटे फोडायचं, मध्ये बेटं तयार व्हायची. माणसाने शेतीसाठी, कुरणासाठी ती रानं तोडली आणि अशी जंगलं ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झाली.

पुढे नदी ही ओलांडायची अडचण ठरली. ग्रँड जंक्शन कालवा ऊझवरून नेण्यासाठी बांधलेला पहिला जलसेतू 1808 मध्ये कोसळला. त्याच्या जागी 1811 मध्ये लोखंडी जलसेतू आला, तो 'आयर्न ट्रंक'. तो आजही वापरात आहे. त्याच्याखालून चालत गेलात तर खाली नदी आणि डोक्यावरून जाणारी होडी असं दृश्य दिसेल. 1838 मध्ये वुल्व्हर्टनला रेल्वेचा कारखाना निघाला आणि माणसांची पाठ नदीकडे वळली.

या शतकात इथे वाळू आणि खडी काढायला यंत्रं आली. हिमयुगापासून नदीने आणून टाकलेलाच तो माल. खाण संपल्यावर असे खड्डे अनेकदा बुजवतात. इथे उलट केलं. खड्डे ठेवले, नदीचं पाणी आत खेळेल असे प्रवाह खोदले, मध्ये बेटं राखली आणि झाडांना जागा दिली. शहराची उद्यानं सांभाळणारा, 1992 मध्ये स्थापन झालेला पार्क्स ट्रस्ट आज याची निगा राखतो. गवत काबूत ठेवायला कोनिक जातीचे मूळचे पोलंडकडचे घोडे चरतात. उथळ पाण्यात टिटवीची नातेवाईक लॅपविंग दिसते, पांढरे बगळे दिसतात. खंड्या निळी रेघ ओढून जातो. नशीब असेल तर पाणमांजरही दिसतं.

हा निव्वळ पक्षीप्रेमाचा मामला नाही. पूर आला की हे रान पाणी पोटात घेतं आणि सावकाश सोडतं. विलन, कॅल्डिकॉट, फर्झटन हे तलावही याच हिशेबाने आखले आहेत. शहराच्या छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पाणी एकदम नदीत जाऊ नये, म्हणून. रविवारी आपण मुलांना घेऊन विलनला फिरायला जातो, ती खरं तर पुराची राखीव जागा.

आता थोडं घराकडे बघू. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आपल्यापैकी किती जण इथे रात्र रात्र फोन लावत बसले होते! पाऊस अफाट होता, धरणांवरून वाद झाले. पण पूररेषेच्या आत घरं आणि दुकानं उभी होती, हेही खरंच. नदीची जागा आपण घेतली की ती कधीतरी मागायला येते. आसामातल्या माजुलीची, ब्रह्मपुत्रेतल्या त्या प्रचंड बेटाची, गोष्ट आणखी कठीण आहे. 1950 च्या भूकंपानंतर नदीने त्याची धूप वाढवली आणि कितीतरी गावं पाण्यात गेली. तिथे नदीला आवरणं कुणाच्याच हातात नाही. सांगलीत मात्र काठ मोकळा ठेवणं आपल्या हातात होतं, अजूनही आहे.

हिवाळ्यात, पाणी चढलेलं असताना, गमबूट घालून या रानात जा. पायवाट बुडालेली दिसली तर चिडू नका. नदी तिच्या जागेत आली आहे. आणि परतल्यावर गावी फोन कराल तेव्हा सहज विचारा, आपल्या नदीकाठी सध्या काय बांधकाम चाललंय?