लोणारचं गुलाबी पाणी ते लिपस्टिक: सूक्ष्मजीवांपासून रंग कसा बनतो?

जून २०२० आठवतोय? लॉकडाऊन सुरू होतं आणि एके दिवशी सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एकच फोटो फिरायला लागला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, जे एरवी हिरवट दिसतं, ते चक्क गुलाबी झालं होतं. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी प्रदूषण, आणि बऱ्याच जणांनी सरळ 'फोटोशॉप आहे' म्हणून सोडून दिलं. फोटोशॉप नव्हतं. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रं शेजारी-शेजारी ठेवली, तेव्हा हा बदल अवकाशातूनही स्पष्ट दिसत होता.

तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो: हा रंग नैसर्गिक आहे ना, मग याची लिपस्टिक, ब्लश, लिप बाम का नाही बनवायचा? प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. जगात या दिशेने खरंच काम चालू आहे. पण 'गुलाबी पाणी सापडलं' आणि 'गुलाबी लिपस्टिक बनली' यांच्यात बरंच अंतर आहे.

रंग पाण्याचा नव्हताच

लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं आहे. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. आतलं पाणी खारट आणि प्रचंड अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं. अशा पाण्यात मासे जगत नाहीत, पण सूक्ष्मजीवांची मात्र चंगळ असते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाची याचिका सुरू होती, त्यामुळे प्रकरण तिथेही पोचलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरचा निष्कर्ष असा: पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. हे दिसायला जीवाणूंसारखे, पण जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेतले.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. नमुना प्रयोगशाळेत स्थिर ठेवल्यावर गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो पेशींच्या आत होता. पुढे पाऊस पडला, खारटपणा उतरला आणि रंगही ओसरला.

हॅलोआर्कियांमधलं नेहमीचं लाल-गुलाबी रंगद्रव्य म्हणजे 'बॅक्टेरिओरुबेरिन'. हे गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचं भावंड, फक्त आकाराने मोठं: कॅरोटिनमध्ये कार्बनचे ४० अणू, यात ५०. कडक उन्हापासून पेशीला वाचवणं हे त्याचं काम. सूक्ष्मजीवाने स्वतःसाठी बनवलेलं सनस्क्रीनच म्हणा ना.

आणि गंमत म्हणजे लोणारच्या नेहमीच्या हिरव्या रंगामागे स्पिरुलिना आहे. त्यातून 'फायकोसायनिन' हे निळं रंगद्रव्य मिळतं आणि ते खाण्याच्या पदार्थांत व आयशॅडोत वापरलंही जातं. म्हणजे एकाच सरोवरात दोन रंगांचे कारखाने.

आंबवून रंग काढायचा म्हणजे काय?

इडलीचं पीठ आंबतं तेव्हा सूक्ष्मजीव साखर खातात आणि बदल्यात आम्ल, वायू वगैरे सोडतात. रंगाच्या बाबतीतही तेच. योग्य सूक्ष्मजीव निवडायचा, पोलादी टाकीत त्याला साखर, क्षार, हवा द्यायची, तापमान सांभाळायचं. काही दिवसांत टाकीभर पेशी तयार होतात. त्या गाळायच्या, फोडायच्या, रंग वेगळा करायचा आणि शुद्ध करायचा.

हॅलोआर्कियांचा यात एक फायदा आहे. त्यांना इतकं मीठ लागतं की टाकीत दुसरा कुठलाही जंतू सहसा टिकत नाही. शिवाय त्यांना साध्या पाण्यात टाकलं की पेशी आपोआप फुटतात, म्हणजे रंग बाहेर काढायला महागडं यंत्र नको. तोटाही त्याच मिठाचा: पोलाद गंजतं. त्यामुळे टाकी खास बनवावी लागते आणि खर्च वाढतो.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि तेही १९८० च्या दशकात. जपानमध्ये 'शिकोनिन' नावाचा जांभळट-लाल रंग एका झुडपाच्या मुळातून काढत असत. मूळ तयार व्हायला काही वर्षं लागायची आणि त्यातून रंग निघायचा एक-दोन टक्के. मित्सुई पेट्रोकेमिकल कंपनीने त्या वनस्पतीच्या पेशीच टाकीत वाढवल्या. काम वर्षांवरून आठवड्यांवर आलं आणि कानेबो कंपनीने तो रंग लिपस्टिकमध्ये वापरला. या पेशी वनस्पतीच्या, सूक्ष्मजीवाच्या नाहीत, पण तंत्र आंबवण्याच्या टाकीचंच.

दुसरं उदाहरण कार्माइनचं. लिपस्टिकमधला हा गडद लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून येतो. वाळवलेल्या एका किलोत साधारण दीड लाख किडे. 'नॅचरल' म्हणून घेतलेली लिपस्टिक शाकाहारी असेलच असं नाही, हे अनेकांना माहीतच नसतं. शिवाय काहींना कार्माइनची ॲलर्जीही होते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यातलं मूळ रंगद्रव्य, कार्मिनिक ॲसिड, बुरशीकडून बनवून घेतलं. २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या काइस्ट संस्थेने तेच काम ई. कोलाय जीवाणूकडून करून दाखवलं. रंग बनवायला लागणाऱ्या सूचना जनुकांच्या रूपात दुसऱ्याच जीवात बसवल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड पोर्ट केला.

बीटा-कॅरोटिन तर 'ब्लॅकेस्लिया ट्रिस्पोरा' या बुरशीपासून बाजारासाठी बनतंच, आणि युरोपात त्याला खाद्यरंग म्हणून मान्यता आहे.

मग घोडं अडतं कुठे?

सगळ्यात मोठी अडचण टिकण्याची. कॅरोटिनसारख्या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची लांबलचक साखळी असते. रंग दिसतो तो तिच्यामुळे, आणि ऊन व हवा लागून तुटते तीही तीच. बुलढाण्याच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या वर, स्कूटीच्या डिकीत ठेवलेल्या लिपस्टिकचा विचार करा. कृत्रिम रंग हे सहन करतो. नैसर्गिक रंगाला त्यासाठी अँटिऑक्सिडंट लागतं, सूक्ष्म कवचात बंद करावं लागतं, बंद डबी लागते. फायकोसायनिन याहून नाजूक, जरा उष्णता किंवा आम्ल आलं की निळा उडालाच.

पीएचचा खेळ तर घरीच बघता येतो. हळदीत खायचा सोडा किंवा चुना घाला, लाल होते. पारंपरिक कुंकू असंच बनतं. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळी. हे स्वयंपाकघरात मजेशीर आहे, पण गालावर लावलेला रंग घामाने बदलला तर कुणी परत विकत घेणार नाही.

पुढचा मुद्दा विद्राव्यतेचा. लिपस्टिक म्हणजे मेण आणि तेल. पाण्यात विरघळणारा रंग त्यात नीट मिसळत नाही, म्हणून तो ॲल्युमिनियमसारख्या धातूच्या क्षारावर बसवून बारीक भुकटी करतात. या भुकटीला धंद्यात 'लेक' म्हणतात. त्याचा सरोवराशी काही संबंध नाही. तो शब्द आपल्या 'लाख'वरून, लाखेच्या किड्यावरून, इंग्रजीत गेलेला आहे.

आणि मग सुरक्षितता. इथे माझं मत स्पष्ट आहे: 'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' हे सोशल मीडियावरचं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. लाल तांदूळ आंबवणारी 'मोनास्कस' बुरशी सुंदर लाल रंग देते, पण तिच्या काही जाती 'सिट्रिनिन' हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. 'प्रोडिजिओसिन' हा झकास लाल रंग देणारा सेराशिया जीवाणू रुग्णालयांत संसर्ग घडवतो. रंग शुद्ध करणं आणि प्रत्येक बॅच तपासणं टाळता येत नाही.

उलट बाजूने, कृत्रिम रंग म्हणजे सरसकट विष हेही खरं नाही. काहींवर बंदी येते, ती पुराव्यावरून. अमेरिकेत 'रेड नंबर ३' सौंदर्यप्रसाधनांतून १९९० मध्येच गेला, खाद्यपदार्थांतून काढायचा आदेश मात्र जानेवारी २०२५ मध्ये आला. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत कोणते रंग चालतात याची यादी भारतीय मानक ४७०७ मध्ये आहे, आणि रंग कृत्रिम असो वा नैसर्गिक, त्यात शिसं दशलक्ष भागांत २० पेक्षा जास्त आणि आर्सेनिक २ पेक्षा जास्त चालत नाही. नवा रंग कितीही गोड असला तरी यादीत नसेल तर लिपस्टिकमध्ये घालता येत नाही.

लोणारहून बाटली भरून आणली तर?

आणू नका. लोणार हे वन्यजीव अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर स्थळही. जैविक विविधता कायदा २००२ नुसार तिथला सूक्ष्मजीव हीसुद्धा जैविक संपत्ती आहे. व्यवसायासाठी वापरायचा तर आधी जैवविविधता मंडळाकडे जावं लागतं, आणि फायद्यातला वाटा स्थानिकांपर्यंत पोचावा अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे. लोणारच्या गावकऱ्यांच्या दृष्टीने ही बारीक अक्षरांतली अट नाही. उद्या कुणी यातून कोट्यवधींचा रंग बनवला तर गावाला काय मिळणार, ते तिथेच ठरतं.

तसंही बाटलीची गरजच नसते. एकदा सूक्ष्मजीव वेगळा केला की तो गोठवून ठेवतात आणि पुढची प्रत्येक टाकी त्याच साठ्यातून सुरू होते. पुण्यातलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र अशा जतनासाठीच आहे. सरोवराचं एक थेंबभर पाणी पुरतं, टँकर लागत नाही.

घरी लिप बाम बनवून इन्स्टावर विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. 'होममेड' लिहिल्याने सूट मिळत नाही.

हातातल्या लिपस्टिकचं काय?

मागचं लेबल मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करा. सी आणि आय ही इंग्रजी अक्षरं आणि पुढे पाच आकडे दिसतील, तो रंगाचा नंबर. १५८५० हा लिपस्टिकमधला अगदी नेहमीचा कृत्रिम लाल. ७७ ने सुरू होणारे खनिज, जसं ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड. ७५ ने सुरू होणारे वनस्पती किंवा प्राण्यांपासूनचे, आणि त्यातला ७५४७० म्हणजे तेच किड्यांचं कार्माइन. रंग टाकीत आंबवून बनवला की नाही, हे मात्र या नंबरवरून कळत नाही. 'फर्मेंटेड पिगमेंट' असं कुणी पाकिटावर मिरवत असेल तर कंपनीला मेल करून विचारा: कुठला सूक्ष्मजीव आणि रंगाचा नंबर कोणता?