कोपराच्या मज्जातंतूवरील शस्त्रक्रियेनंतरचे कंडरांचे दुखणे

कोपर तासन्‌तास वाकवून काम करणाऱ्यांना करंगळी व अनामिकेत मुंग्या येणे, बधिरता जाणवणे, पकड सैल होणे असा त्रास होऊ शकतो. पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे येथील गणेशमूर्तींची आखणी करणारे कारागीर आणि रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार यांनी या विकाराची व त्यावरील उपचारांची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

कोपराच्या आतील हाडाच्या उंचवट्यामागून अल्नर मज्जातंतू जातो. तेथील अरुंद बोगद्यात तो दाबला गेल्यास होणाऱ्या या विकाराला १९५८ मध्ये 'क्युबिटल टनेल सिंड्रोम' हे नाव मिळाले. विश्रांती व रात्री कोपर सरळ ठेवणारी पट्टी यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रिया करतात. त्यात बोगदा मोकळा केला जातो किंवा मज्जातंतू उंचवट्याच्या पुढे आणला जातो. लिअरमंथ यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तो स्नायूंखाली ठेवतात. त्यासाठी स्नायूंना हाडाशी जोडणारी कंडरा सोडवून पुन्हा शिवावी लागते.

ही शिवण भरून येण्यास काही आठवडे लागतात. तत्पूर्वी वजन उचलल्यास ती ताणली जाऊ शकते. अशा वेळी उंचवट्यावर दाबल्यास किंवा जोर लावून मनगट वाकवल्यास दुखते. काही रुग्णांत कोपर वाकवताना 'कट्' असा आवाज येत राहतो. दंडामागील ट्रायसेप्स स्नायूचा आतील भाग व त्याची कंडरा हाडावरून घसरल्याने असे होते. कोपर हलवत केलेल्या सोनोग्राफीत हे दिसू शकते. याउलट मुंग्या, बधिरता व बोटांची अशक्तता कायम राहिल्यास मज्जातंतूचीच पुन्हा तपासणी हवी. दुखण्याचे मूळ कंडरेत असताना मज्जातंतूवर दुसरी शस्त्रक्रिया केल्यास लाभ होत नाही, म्हणून हा भेद महत्त्वाचा ठरतो.

मुंबईत शस्त्रक्रिया करून पेण-रोह्यास परतलेल्यांना प्रवास व बुडणारी मजुरी यांमुळे फेरतपासणी टाळण्याचा मोह होतो. गणेशोत्सवापूर्वीच्या हंगामात तर काम थांबवणे कठीण असते. तरीही कामावर रुजू होण्याचा दिवस शल्यचिकित्सकाला विचारूनच ठरवावा. जखम लाल होणे, पू येणे, ताप किंवा हातातील शक्ती एकाएकी जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.