क्री वसाहतींतील हिपॅटायटिस ए : लशीने साथ आटोक्यात येते, पाणी आणि घरांचा प्रश्न मागे उरतो

हिपॅटायटिस ए हा विषाणूमुळे होणारा यकृताचा संसर्गजन्य आजार आहे. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात आणि एकदा हा आजार झाल्यावर सहसा आयुष्यभर प्रतिकारशक्ती टिकते. कॅनडाच्या उत्तर भागातील छोट्या क्री वसाहतीत मात्र त्याचा एक रुग्ण आढळला, तरी संपूर्ण गावाची आरोग्यव्यवस्था कामाला लागते. अशा ठिकाणी परिचारिका मोजक्या असतात, मोठे रुग्णालय विमानप्रवासाच्या अंतरावर असते आणि गावातील जवळपास प्रत्येक घराचा दुसऱ्या घराशी रोजचा संबंध असतो.

क्री हा कॅनडातील सर्वाधिक लोकसंख्येच्या मूळ रहिवासी समाजांपैकी एक आहे. क्विबेकपासून अल्बर्टापर्यंत त्यांच्या वसाहती पसरलेल्या आहेत. क्विबेकमधील जेम्स बे परिसराला क्री भाषेत ‘ईयू इस्ची’ म्हणतात. तेथील नऊ वसाहतींची आरोग्यसेवा १९७८ मध्ये स्थापन झालेले क्री आरोग्य व समाजसेवा मंडळ सांभाळते. ऑन्टारिओ आणि मॅनिटोबामधील अनेक वसाहतींत मात्र केंद्र सरकार, प्रांत सरकार आणि स्थानिक परिषद यांच्यात जबाबदारी विभागलेली आहे. साथीच्या काळात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

संसर्ग कसा पसरतो?

रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडणारा विषाणू अस्वच्छ हात, अन्न किंवा पाणी यांमार्फत दुसऱ्याच्या तोंडावाटे शरीरात जातो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस, सरासरी २८ दिवस लागतात. कावीळ दिसण्यापूर्वीचे सुमारे दोन आठवडे रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असतो. म्हणजेच आजार ओळखू येईपर्यंत विषाणू बहुधा पुढे गेलेला असतो.

सहा वर्षांखालील बहुसंख्य मुलांमध्ये लक्षणे दिसतच नाहीत. प्रौढांमध्ये ताप, थकवा, मळमळ, गडद रंगाची लघवी आणि कावीळ ही लक्षणे दिसतात. वय जास्त असलेल्या किंवा आधीपासून यकृताचा विकार असलेल्या रुग्णांना धोका अधिक असतो. परिणामी पाळणाघरातील निरोगी दिसणाऱ्या बालकाकडून त्याच घरातील आजीला लागण होऊ शकते. एकाच घरात तीन पिढ्या राहत असतील आणि स्वच्छतागृह एकच असेल, तर हा धोका वाढतो.

या आजाराचा एक विरोधाभास भारतीय वाचकांना परिचित असेल. जेथे स्वच्छतेची सोय अत्यंत अपुरी असते, तेथे जवळपास सर्वांना बालपणीच नकळत लागण होते आणि प्रौढांमध्ये प्रतिकारशक्ती आढळते. स्वच्छता सुधारू लागते, तशी लागण न झालेल्या तरुणांची संख्या वाढते आणि मग एखादा दूषित जलस्रोतही मोठ्या साथीचे कारण ठरतो. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात वेंगूर येथे २०२४ मध्ये पसरलेल्या साथीत प्रौढ रुग्णांची संख्या लक्षणीय होती. दुर्गम क्री वसाहतीत विषाणू कित्येक वर्षे फिरकतच नाही. त्या काळात जन्मलेली आणि लस न घेतलेली पिढी असुरक्षित राहते.

पहिले चौदा दिवस

रक्तचाचणीत हिपॅटायटिस ए विषाणूविरोधी ‘आयजीएम’ प्रतिपिंडे आढळल्यास निदान पक्के होते. नमुना विमानाने प्रयोगशाळेत पाठवावा लागत असल्याने अहवाल येईपर्यंत हवामानावर अवलंबून राहावे लागते. मात्र संपर्कात आलेल्यांना लस देण्याची उपयुक्त मुदत संपर्कानंतर चौदा दिवसांचीच असते. त्यामुळे लक्षणे स्पष्ट असतील, तर अहवालाची वाट न पाहता तयारी सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

या काळात तीन कामे एकाच वेळी चालतात. रुग्णाच्या घरातील व्यक्ती, पाळणाघर, शाळा आणि सामुदायिक भोजन यांतून संपर्काचा शोध घेतला जातो. संपर्कात आलेल्यांना लशीची एक मात्रा दिली जाते. सहा महिन्यांखालील अर्भके आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींसाठी इम्युनोग्लोब्युलिनचा विचार होतो. अन्न शिजवणारे किंवा मुलांची देखभाल करणारे रुग्ण काही दिवस कामापासून दूर ठेवले जातात.

हात धुण्याच्या सल्ल्यातही एक बारकावा आहे. या विषाणूभोवती मेदाचे आवरण नसल्याने अल्कोहोलयुक्त द्रावण त्यावर पुरेसे परिणामकारक ठरत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खात्रीचा उपाय आहे. ज्या घरात टाकीतील पाणी पुरवून पुरवून वापरावे लागते, तेथे हा साधा सल्लाही पाळणे अवघड होते.

संपूर्ण गावाला लस

गाव लहान असल्याचा एक फायदाही आहे. संपर्कांची साखळी एकेक करून शोधण्याऐवजी संपूर्ण वसाहतीचे लसीकरण काही दिवसांत पूर्ण करता येते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अलास्कातील मूळ रहिवाशांच्या गावांमध्ये हा मार्ग अवलंबण्यात आला. जेथे लागण होऊ शकेल अशा बहुसंख्य व्यक्तींना एक मात्रा मिळाली, तेथे साथ काही आठवड्यांत ओसरली. पुढे अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या मुलांना ही लस नियमितपणे देण्याची शिफारस झाली आणि या समाजांतील रुग्णदर सुमारे दशकभरात ९० टक्क्यांहून अधिक घटला. दुसरी मात्रा किमान सहा महिन्यांनी दिल्यास संरक्षण दीर्घकाळ टिकते.

लसीकरणाची तारीख मात्र गावाच्या दिनमानानुसार ठरवावी लागते. ईयू इस्चीमध्ये वसंत ऋतूत ‘गूज ब्रेक’ असतो. या काळात शाळा बंद राहतात आणि कुटुंबे रानहंसांच्या शिकारीसाठी दूरच्या तळांवर जातात. मोहीम त्याआधी झाली नाही, तर विषाणू तळांवर पोहोचतो आणि परिचारिका रिकाम्या गावात उरतात.

विश्वास आणि गोपनीयता

मोठ्या शहरात ‘एक रुग्ण आढळला’ या वाक्यातून कोणाचीही ओळख उघड होत नाही. काही शे लोकवस्तीच्या गावात ती तासाभरात होते. अस्वच्छतेचा ठपका बसेल या भीतीने कुटुंबे आजार लपवतात आणि संपर्कशोध थांबतो. म्हणून आरोग्य कर्मचारी आकडे मोघम ठेवतात आणि ‘हा दोष कोणाचाही नाही’ हा संदेश आधी देतात. स्थानिक रेडिओवरून क्री भाषेत केलेले निवेदन आणि ज्येष्ठांचा पाठिंबा यांचा परिणाम बाहेरून आलेल्या पत्रकापेक्षा अधिक होतो. क्री मंडळाची स्थानिक आरोग्य केंद्रे ‘मियुपिमातिसिउन’ या शब्दाने ओळखली जातात. ‘चांगल्या रीतीने जिवंत असणे’ असा त्याचा अर्थ असून, त्यात अन्न, निवारा आणि भूमीशी असलेले नातेही येते.

पाण्याचा जुना प्रश्न

या अविश्वासाला इतिहास आहे. जेम्स बे परिसरातील जलविद्युत प्रकल्पाच्या पार्श्वभूमीवर १९७५ मध्ये करार झाला आणि त्यात क्री समाजाला विविध सेवांची हमी मिळाली. तरीही १९८० मध्ये अतिसाराच्या साथीत अनेक क्री बालकांचा मृत्यू झाला. अपुरे पाणी आणि सांडपाण्याची सोय नसणे हे त्यामागचे कारण असल्याचे क्री नेत्यांनी ठामपणे मांडले. ऑन्टारिओतील कॅशेचेवान या क्री वसाहतीत ऑक्टोबर २००५ मध्ये नळाच्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू आढळल्याने शेकडो रहिवाशांना हलवावे लागले. तेथे पाणी उपसण्याची जागा सांडपाण्याच्या तलावाच्या खालच्या अंगाला होती. या दोन्ही घटना हिपॅटायटिस ए च्या नव्हत्या. परंतु संसर्गाचा मार्ग तोच होता.

कॅनडात २०१५ च्या अखेरीस मूळ रहिवाशांच्या वसाहतींमध्ये पिण्याच्या पाण्याबाबतचे १०५ दीर्घकालीन इशारे लागू होते. ते मार्च २०२१ पर्यंत संपवण्याचे आश्वासन केंद्र सरकारने दिले होते. ती मुदत पाळली गेली नाही. त्याच वर्षी मॅनिटोबातील गार्डन हिल येथे हिपॅटायटिस ए ची साथ पसरली. हे गाव क्री समाजाशी निकटचे नाते असलेल्या अनिसिनिन्यू लोकांचे आहे.

अखेरच्या रुग्णानंतर साधारण १०० दिवस, म्हणजे विषाणूच्या कमाल सुप्तकाळाच्या दुप्पट अवधीत, नवा रुग्ण आढळला नाही तर साथ संपल्याचे मानले जाते. लसीकरणाचे पथक त्याच्या कितीतरी आधी परत गेलेले असते. नळजोडणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि पुरेशी घरे यांची कामे मात्र अर्थसंकल्पांच्या गतीने पुढे सरकतात. दरम्यान गावात जन्मणारे प्रत्येक मूल वेळेवर लस मिळेपर्यंत पुढील साथीच्या कक्षेत असते.