थांबल्यावाचून दिसत नाही

शहर पाहावयाचे म्हणजे त्याचे किल्ले, देवालये, चर्च आणि पुतळे पाहावयाचे, अशी आपली समजूत असते. आम्हीही नागपूर अनेक वर्षे तसेच पाहिले. सीताबर्डीचा किल्ला पाहिला. त्याच्या पायथ्याशी वाहणारी बर्डीवरची गर्दी मात्र केवळ वाट अडविणारी वाटली.

आरंभीच्या कॅमेऱ्याचीही हीच गत होती. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसच्या एका राजरस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्ता वर्दळीचा होता. परंतु प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत असल्याने चालती माणसे आणि धावत्या गाड्या पुसल्या गेल्या. उरला तो बूट पुसून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य आणि त्याच्या पायाशी एक अंधूक आकृती. छायाचित्रात टिकलेली बहुधा हीच पहिली माणसे! १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कार्यात होते. त्यांचे बंधू नारायण दाजी यांनी या कलेत नाव मिळविले. तरीही त्या काळच्या संथ काचांवर दगडी इमारत ठळक उमटे आणि चालती गर्दी धुक्यासारखी विरून जाई.

१९२५ पासून हातात मावणारा लायका कॅमेरा बाजारात आला आणि रस्त्यावरचा क्षण पकडता येऊ लागला. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांनी मुंबईचे दैनंदिन जीवन टिपले. त्यांची आरंभीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. त्या वापरीत असलेला रोलिफ्लेक्स छातीशी धरून वरून काचेत पाहावा लागे. समोरचा माणूस दिसावा म्हणून पाहणाऱ्याने मान लववावयाची, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. २००२ साली ती बंद झाली. पाळी सुटल्यावर डबे घेऊन निघणारे कामगार, पानठेल्यापाशी क्षणभर विसावणारे चेहरे आम्ही नित्य पाहिले होते. पुढे एकदा आमचे जुने आल्बम उघडले. त्यांत सणसमारंभ होते, पाहुणे होते, इमारती होत्या. त्या कामगारांपैकी एकही नव्हता. कॅमेरा तर आमच्यापाशी होता. उणीव नजरेची होती.

आता हाती कॅमेरा असो वा नसो, आम्ही चौकात थोडे थांबतो. संत्री रचणारे हात, सावलीचा तुकडा शोधणारा रिक्षावाला यांच्याकडे पाहतो. चित्र घ्यावेसे वाटले, तर आधी विचारतो; कुणी नको म्हटले, तर कॅमेरा खाली ठेवतो. दागेरच्या त्या चित्रात जो थांबला तो दिसला. आपल्या शहरात मात्र पाहणाऱ्यानेच थांबावयास हवे. कारण ज्याला पोटासाठी धावावे लागते, त्याने आपल्याला दिसावे म्हणून थांबावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.