तुमचा सा कुठला?



तुमच्या घरात हायस्कूलला जाणारं मूल असेल, तर 'एपी' ही दोन अक्षरं काही समजावून सांगायला नकोत. एपी कॅल्क्युलस, एपी फिजिक्स, एपी कॉम्प्युटर सायन्स. आपल्याकडे गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा हीच चर्चा चालते. आमच्या कन्येने यंदा अकरावीत घेतलं एपी म्युझिक थिअरी. मी पडलो आयटीतला, वर एमबीए. त्यामुळे पहिला प्रश्न विचारला तो जातीवर जाऊन: "याचा उपयोग काय?"

"बाबा, कान तयार होतो," ती म्हणाली.

आता यावर काय बोलणार? 'कान तयार असणं' हा तर आपलाच शब्द. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, हे ऐकतच आपण मोठे झालो.

या विषयात नुसती पुस्तकी थिअरी असेल, अशी माझी समजूत होती. तसं नाही. परीक्षेचा मोठा भाग कानावर आहे. एक सुरावट काही वेळा ऐकवतात आणि ती कागदावर उतरवायची. मग चार आवाज एकदम वाजतात. त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा वेगळा काढून लिहायचा, शिवाय खाली कुठले कॉर्ड होते तेही सांगायचं. शेवटी कधीही न पाहिलेल्या दोन ओळी समोर येतात. प्रत्येकीच्या तयारीला 75 सेकंद, गायला 30 सेकंद, आणि गाणं रेकॉर्ड होतं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीसुद्धा इतक्या कडक नव्हत्या.

सप्टेंबर बरा गेला. आठव्या वर्षापासून ती इथल्या एका मराठी बाईंकडे गाणं शिकते, गांधर्वच्या प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा झाल्या आहेत. शाळेत 'डो रे मी' आलं, तिने मनात 'सा रे ग' म्हटलं आणि काम भागलं. पण दिवाळीच्या सुमारास वर्गात मायनर स्केल आली आणि सगळं फिसकटलं. तिच्या शिक्षिका म्हणाल्या, मायनरमध्ये सुरावटीचं घर 'डो' नाही, 'ला'. म्हणजे आपला षड्ज स्वतःच्या घरातून उठून धैवताच्या घरी राहायला गेला! जिथे आवाज विसावतो तो सा, हे नऊ वर्षं अंगात मुरलेलं. इथे विसावलेल्या सुराला 'ला' म्हणायचं. ती ऐकायची बरोबर आणि लिहायची चूक. दोन चाचण्या पडल्या. एका रात्री म्हणाली, "बाबा, मी हा विषय सोडू का?"

खरं सांगतो, मनातल्या मनात मला बरंच वाटलं. म्हटलं, त्याऐवजी स्टॅटिस्टिक्स घेईल. पण या डोचं आणि साचं नेमकं भांडण काय, ते बघावं म्हणून मी वाचायला बसलो, आणि वाचत बसलोच. आजचा भाग त्या वाचनावर आहे.

गोष्ट सुरू होते इटलीत, हजार वर्षांपूर्वी. ग्विदो नावाचा एक साधू मठातल्या पोरांना स्तोत्रं शिकवायचा. सगळं तोंडपाठ. गुरूने म्हणायचं, पोरांनी म्हणायचं. दहा-दहा वर्षं घासूनही नवं स्तोत्र समोर आलं की पोरं गप्प. ग्विदोने एक युक्ती काढली. सेंट जॉनच्या एका स्तोत्राची चाल अशी होती की प्रत्येक ओळीचा पहिला सूर आधीच्या ओळीपेक्षा एक पायरी वर चढायचा. त्या ओळींची पहिली अक्षरं त्याने सुरांना नावं म्हणून दिली: उट, रे, मी, फा, सोल, ला. शिवाय सूर कुठला ते नेमकं दिसावं म्हणून रेघा आखून त्यांवर ते लिहिले. दहा वर्षांचं काम एक-दोन वर्षांत होतं, असा त्याचा दावा. पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावून घेतलं आणि त्याची वही पाहून, आधी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन बघितली. जमली. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात, आणि थेट सीईओने कीबोर्ड हातात घेणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. ग्विदोच्या जुन्या मठातल्या सहकाऱ्यांना मात्र हे सगळं मुळीच रुचलं नव्हतं. त्याला तिथून निघून अरेत्सोला जावं लागलं होतं.

पुढे 'उट'चा 'डो' झाला, वर सातवा सूर 'सी' आला. आणि वाट दुभंगली. फ्रान्समध्ये 'डो' म्हणजे पियानोची एक ठरावीक पट्टी, पांढरी एक म्हणा ना. गाणाऱ्याचा गळा कसाही असो, डो तिथून हलायचा नाही. इंग्लंडात मात्र 1830 च्या दशकात नॉरिच गावच्या सेरा ग्लोव्हर नावाच्या बाईंनी उलटं केलं. गाण्याचा जो मुख्य सूर तो 'डो', मग तो पट्टीवर कुठेही पडो. म्हणजे आपला साच की! दोन सुरांची नावं एकाच अक्षराने सुरू होऊ नयेत म्हणून 'सी'चा 'टी' केला, सुरांची एक शिडी काढली, आणि भिंतीवरच्या त्या शिडीवर बोट ठेवत मुलांकडून गाऊन घेतलं.

ती पद्धत पुढे नेली जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने. (कर्वे नव्हे, कर्वेन. पण शिक्षणाचं वेड तेवढंच.) स्वतः फार गाणारा नव्हता, हेच त्याचं भांडवल. ज्याला गाणं येत नाही त्याला ते कसं शिकवायचं, हे त्याला स्वतःवरूनच कळलं. रविवारच्या शाळांतली गरीब मुलं, गिरण्यांतले कामगार यांच्यापर्यंत गाणं न्यायचं होतं. बाईंची पद्धत त्याने त्यांना न विचारता बदलून घेतली, हे काही बरं केलं नाही. हाताच्या खुणांनी सूर दाखवायची त्याची रीत पुढे हंगेरीत कोदाय यांच्या शिष्यांनी उचलली आणि आज अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांतही दिसते. तुमच्या मुलाने घरी येऊन मूठ पोटाशी धरून 'डो' म्हटलं असेल, तर ती याचीच मूठ.

आणि माझ्या मुलीला छळणारा 'ला' मला सापडला तो इथेच. मेजर आणि तिची जोडीची मायनर, दोघींचे सातही सूर तेच. फक्त विसावा निराळ्या पायरीवर. मग कर्वेनच्या पद्धतीत शिडी तीच ठेवायची आणि मायनर 'ला'वर टेकवायची. नवी नावं नकोत, नव्या खुणा नकोत. पहिल्यांदाच शिकणाऱ्या गिरणी कामगाराला हे सोपं. नऊ वर्षं सा धरून गाणाऱ्या मराठी मुलीला अवघड.

पण हे सगळं सरकारी शाळेत कसं शिरलं? त्याची गोष्ट आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर घडली. लोवेल मेसन हा जॉर्जियातल्या सव्हाना शहरात बँकेत नोकरी करत चर्चमध्ये संगीत बसवणारा माणूस. बँकेतला आणि गाण्यातला, म्हणून मला तो जवळचा वाटला. तो बॉस्टनला आला, 1833 मध्ये संगीताची अकादमी उभी करण्यात पुढे होता, आणि गाणं सर्व मुलांना शाळेत शिकवावं असा आग्रह धरून बसला. आधी कानाने सूर ओळखायचा, चिन्ह नंतर, हे त्याचं सूत्र. 1837 मध्ये शाळा समितीने प्रश्न विचारला तो माझाच: उपयोग काय? अहवालात गाणं तीन कसोट्यांवर घासलं गेलं. बुद्धीला उपयोगी आहे का, नीतीला आहे का, शरीराला आहे का. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं; छाती रुंदावते आणि फुप्फुसं बळकट होतात, हेही त्यात लिहिलं. बिझनेस केस म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देतो. तरी महापालिकेने पैसे दिलेच नाहीत. मेसनने साउथ बॉस्टनच्या हॉज शाळेत वर्षभर फुकट शिकवलं. पोरं गायला लागली, लोकांनी ऐकलं, आणि ऑगस्ट 1838 मध्ये बॉस्टनच्या शाळांत संगीत हा रीतसर विषय झाला.

इथे मी थोडा थांबलो. कारण मला माझी शाळा आठवली. गॅदरिंगचं समूहगीत, आम्ही चौथीत. बाईंनी ओळीतून फिरत एकेकाचा आवाज ऐकला आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." बाई वाईट नव्हत्या. पण मी पुढची पस्तीस वर्षं ओठच हलवत आलो, आरतीतसुद्धा. कान हा जन्मजात असतो, असला तर असतो, नसला तर नसतो, ही समजूत त्यांचीही होती आणि माझीही.

आपल्याकडे या समजुतीशी भांडण्याचं काम मोठ्या माणसांनी केलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने 1886 मध्ये मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपीही वापरली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लहानपणी दारूकामाच्या अपघाताने दृष्टी गमावून बसले, मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकले, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. राजाच्या आश्रयावर नाही. जलसे करून, वर्गणी मागून. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी गेली. ज्या गांधर्वच्या परीक्षा आपली मुलं इथे, साता समुद्रापार देतात, त्यांचं मूळ या माणसात आहे.

दुसरे विष्णु, वाळकेश्वरचे भातखंडे, वकील. पत्नी आणि मुलगी दोघी गेल्यावर वकिली सोडली आणि वही घेऊन देशभर हिंडले. त्यांचं काम मला सर्वांत ओळखीचं वाटतं. जुनी सिस्टिम, कागदावर काही नाही, सगळं एकेका ज्येष्ठाच्या डोक्यात, आणि तो ज्येष्ठ ते फक्त आपल्या मुलाला सांगणार! भातखंडे त्यांच्यासमोर बसले, चिजा लिहून घेतल्या, राग दहा थाटांत लावले, क्रमिक पुस्तकमालिका छापली. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. हे आमच्या घरातल्या वहीत आजही आहे. 1916 मध्ये बडोद्याला त्यांनी संगीत परिषद भरवली, 1926 मध्ये लखनौला कॉलेज उभं राहिलं.

त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. दरबारीचा झुलणारा गंधार कुठल्याही रेघेखाली मावत नाही. तो गुरूसमोर बसूनच येतो. वर्गात चाळीस पोरांना एकदम तो देता येणार नाही, ना लखनौला, ना बॉस्टनला. पण वर्गात जे मिळतं, ते गवयाच्या पोटी न जन्मलेल्या पोरालाही मिळतं. मला विचाराल तर हा सौदा महाग नाही.

असो. हे सगळं मी कन्येला जेवताना सांगितलं. तिने अर्धंच ऐकलं, पण 'ला' कुठून आला ते ऐकून दुसऱ्या दिवशी शिक्षिकांना जाऊन विचारलं, "मी सा म्हणू का?" त्यांनी परीक्षेची सूचनाच तिच्यापुढे ठेवली. गाताना डो-रे-मी म्हणा, आकडे म्हणा, 'ला ला' म्हणा, शीळ घाला, चालेल. आणि सुरावट आपल्या गळ्याला सोसेल त्या पट्टीत नेली तरी चालेल. म्हणजे स्वतःचा सा लावायची सोय त्यात होतीच.

आता ती मायनरला आसावरी थाट म्हणते. तेच कोमल गंधार, धैवत, निषाद. सातवा सूर चढवलेली मायनर आली की म्हणते, "हा कीरवाणी, भातखंड्यांच्या दहांत नाही, दक्षिणेकडून आलाय." आधी सरगममध्ये ऐकते, मग पाच रेघांवर लिहिते. चार आवाजांच्या डिक्टेशनला मात्र आपल्या सरगमची काही मदत होत नाही. ते ती नव्याने शिकते आहे, आणि तिथे अजून मार्क जातात. विषय सोडलेला नाही. परीक्षा मेमध्ये आहे.

माझी नेमणूक स्टॉपवॉच धरायला झाली आहे. सहा महिन्यांसाठी आलेली आई सोफ्यावर बसून पेटीवर सूर देते. परवा 75 सेकंद संपली, मुलगी गायला लागली आणि मीही नकळत सोबत गेलो. आई पेटी न थांबवता म्हणाली, "अरे, तुझा सा इथे नाही, खाली उतर. पांढरी एक." मी उतरलो. सा लागला. रिषभ लागला. गंधाराला मुलीने मान हलवली.

"बाबा, कोमल आहे. अजून थोडा खाली."